पडदा गुंडाळण्याआधी

होळी झाली की झाडीपट्टीतली नाटके थांबतात. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की सुरू झालेला हंगाम संपतो, वडसा-देसाईगंजची धावपळ ओसरते, आणि ज्या मंडळाकडे अजून हाताने रंगवलेला पडदा शिल्लक आहे ते मंडळ तो गुंडाळून ठेवून देते. देवळाची कोठी, शाळेची जुनी खोली, एखाद्या मालगुजारी वाड्याचा माळा, अशी ती जागा असते. पडदा रंगमंचावर असतो तो जेमतेम चार महिने. उरलेले आठ महिने तो अंधारात पडून असतो, आणि त्यातच चंद्रपूरचा मे महिना आणि गडचिरोलीचा पावसाळा येतो. पडद्याचे खरे नुकसान नाटकात होत नाही, ते या आठ महिन्यांत होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांच्या गावात असा एखादा पडदा आहे, त्यांनी तो ओळखावा कसा, जपावा कसा आणि झिजलाच असेल तर त्याची नवी प्रत करावी कशी, यासाठी हे मार्गदर्शन. यातला बराच भाग घरातल्या जुन्या रंगवलेल्या चित्रालाही लागू पडतो.

आधी हा पडदा म्हणजे नेमके काय, ते पाहायला हवे. जुन्या मराठी नाटकाच्या पडद्यांवरची दृश्ये ठरलेली: महाल किंवा दरबार, रस्ता आणि जंगल. फार तर एखादा बगीचा किंवा तुरुंग. नाटक कोणतेही असो, पडदे तेच. ही निवड गावच्या पेंटरची नव्हे. सेबास्तियानो सेर्लिओ या इटालियन वास्तुकाराने 1545 साली छापलेल्या ग्रंथात रंगभूमीसाठी तीनच दृश्ये सांगितली आहेत: शोकनाट्यासाठी राजवाड्यांची ओळ, विनोदी नाटकासाठी साध्या घरांचा रस्ता आणि वनवासींच्या नाट्यासाठी झाडी. पुढे सतराव्या शतकात, बरोक काळात, व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्लीने दोन्ही बाजूंच्या विंगा एकदम सरकवणारी यंत्रणा उभी केली. त्यानंतर बिब्बिएना घराण्याच्या चित्रकारांनी युरोपभरच्या दरबारी नाट्यगृहांसाठी खांबांमागे खांब, कमानींमागे कमानी असे खोल खोल जाणारे महाल रंगवले. ती नाट्यगृहे मेणबत्त्यांवर चालत आणि पडदे कापडाचे असत, त्यामुळे आगी लागत. बरोक काळातले मूळ पडदे बहुतेक नष्ट झाले. उरली ती कागदावरची रेखाटने, छापील चित्रे आणि नकला.

या नकला इंग्रजांबरोबर मुंबईला आल्या. 1846 साली उघडलेल्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात चौकटीचा रंगमंच होता, मागे रंगवलेला पडदा आणि बाजूला विंगा होत्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला नाटक केले तेव्हा असला थाट नव्हता. पारशी कंपन्यांनी तो उचलला, आणि 1880 मध्ये ‘शाकुंतल’ घेऊन उभ्या राहिलेल्या किर्लोस्करांपासून पुढच्या संगीत नाटक मंडळ्यांनी तो गावोगाव नेला. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी नाटकांचे पडदे रंगवले. बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले. ‘ललितकलादर्श’साठी पु. श्री. काळे यांनी नेपथ्य केले. फिरत्या कंपन्यांचे पडदे पाहून तालुक्यातालुक्यांतल्या पेंटरांनी आपले पडदे केले, त्यांचे पाहून पुढच्या पिढीने. झाडीपट्टीची मुळे दंडारीत आणि खडी गंमतीत आहेत. त्यांना पडद्याची गरज नव्हती. पडदा आला तो या दुसऱ्या वाटेने. म्हणून नागभीड, सिंदेवाही किंवा आरमोरीकडच्या एखाद्या गावात संगमरवरी खांबांचा महाल रंगवलेला दिसला, तर तो कुठल्या तरी नकलेची नकल आहे, आणि त्या साखळीच्या पहिल्या टोकाचे चित्र बहुधा आज जगात नाही.

‘नुसती नकल तर आहे’ असे म्हणून असे पडदे फेकले जातात. हे थांबले पाहिजे. मूळ हरवले की त्याचे सगळे ज्ञान नकलेत उरते, आणि याचे जगातले एक ठळक उदाहरण हॉलंडचे आहे. लायडनचा चित्रकार खेरिट डाउ (1613-1675) हा रेम्ब्रांटचा शिष्य. घरगुती जीवनाची बारीक कलाकुसरीची चित्रे ही त्याची खासियत. त्याचे एक तीन भागांचे चित्र होते: मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली आई, एका बाजूला मेणबत्तीच्या उजेडातली रात्रशाळा आणि दुसऱ्या बाजूला लेखणी तासणारा माणूस. ॲमस्टरडॅमचे व्यापारी ब्रामकाम्प यांच्या संग्रहाचा 1771 च्या जुलैमध्ये लिलाव झाला, तेव्हा रशियाच्या कॅथरीन राणीसाठी ते विकत घेतले गेले. ‘व्राउ मारिया’ नावाच्या जहाजाने ते पाठवले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते जहाज फिनलंडच्या किनाऱ्याजवळ खडकांवर आदळून बुडाले. 1999 मध्ये जहाजाचे अवशेष सापडले. तरीही डाउचे ते चित्र कसे होते हे आज सांगता येते, कारण विलेम योसेफ लाक्वी या चित्रकाराने मूळ समोर असताना त्याची प्रत केली होती. ती ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. लाक्वी डाउइतका मोठा चित्रकार नव्हता, पण त्याने ती प्रत केली नसती, तर त्या तीन दृश्यांची आज फक्त वर्णनेच वाचावी लागली असती.

महाराष्ट्राचेही असेच एक उदाहरण आहे, आणि त्यात धडा अधिक आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून वर्षानुवर्षे केले. त्याच्या बहुतेक प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बमनजी त्या चमूत होते. त्यांतल्याही बऱ्याच प्रती 1885 मध्ये लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जे वाचले ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि भिंतीवरून नंतर गळून पडलेले तुकडे काही ठिकाणी फक्त या प्रतींत दिसतात. एकाच प्रकारचे नुकसान वीस वर्षांच्या आत दोनदा झाले, कारण दोन्ही वेळा सगळे एकाच इमारतीत ठेवले होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळाले, ते तर अगदी कालचे.

तेव्हा पडद्याला हात लावण्याआधी पहिले काम म्हणजे त्याचे फोटो. हे काम गावातला कुणीही मुलगा करू शकतो, पण काही पथ्ये पाळली तरच ते फोटो कामाचे ठरतात. पडदा उभा, सरळ टांगावा. जमिनीवर पसरून, वर उभे राहून घेतलेला फोटो तिरका येतो आणि खांब वाकडे दिसतात. उन्हात टांगू नये. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास इमारतीच्या सावलीत मोकळा, सारखा उजेड मिळतो, तो उत्तम. फ्लॅश बंद ठेवावा. पडदा मोठा असेल तर एकदा पूर्ण, मग भागाभागाने, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येईल असा फोन सरकवत न्यावा. चौकटीत शिंप्याची मोजपट्टी आणि कोरा पांढरा कागद ठेवावा. मोजपट्टीने माप कळते, कागदाने रंग. पडद्याची मागची बाजू विसरू नये, कारण पेंटरचे नाव, साल, मंडळाचा शिक्का, ठिगळे हे सगळे तिकडेच असते. अंधार पडल्यावर एका बाजूने टॉर्चचा आडवा उजेड टाकून आणखी काही फोटो घ्यावेत. समोरून न दिसणाऱ्या घड्या, सुटलेले पापुद्रे आणि खालच्या रेघा आडव्या उजेडात उठून दिसतात.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की त्यातला बारकावा गळून जातो. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत किंवा मूळ फाइलच पेनड्राइव्हवर घ्यावी. एक प्रत मंडळाकडे, एक गावाबाहेरच्या कुणाकडे, एक नेटवर. अजिंठ्याच्या प्रतींचे जे झाले ते डोळ्यांसमोर ठेवले तर ही काळजी जास्त वाटणार नाही.

यानंतर पडदा वाचावा. जुनी नकल वाचण्याची एक रीत आहे आणि ती अवघड नाही. मूळ चित्र करणारा काम करता करता बेत बदलतो: हात जरा वर घेतो, खांब सरकवतो, आणि आधीची रेघ रंगाखाली राहते. नकल करणाऱ्याला सगळे आयते ठाऊक असते, म्हणून त्याच्या रेघांत सहसा अशी खाडाखोड नसते. त्याऐवजी चौकटी सापडतात. छोट्या चित्रावर चौकोन आखून तेच चौकोन कापडावर मोठे आखायचे, ही जुनी पद्धत. रंग पातळ असेल तिथे आडव्या-उभ्या रेघा अजून दिसतात. कधी टोचलेल्या खाक्यावरून काजळीची पुरचुंडी फिरवल्याचे ठिपके दिसतात. एकच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा उठवली असेल, तर ती बहुधा खाक्याची.

महालाच्या पडद्यावर एक साधी परीक्षा करता येते. फरशीच्या आणि छताच्या तिरक्या रेघांवरून दोरे ताणावेत, पडद्याला न चिकटवता, दोघांनी दोन टोकांना धरून. बरोक पद्धतीच्या एका प्रकारात हे सगळे दोरे मध्यभागी एका बिंदूत मिळतात, कारण ते दृश्य समोर मध्ये बसलेल्या राजाच्या डोळ्यासाठी बांधलेले असे. कडेला बसलेल्याला ते थोडे वाकडेच दिसे. बिब्बिएनांनी पुढे कोनातून पाहिलेला महाल आणला, त्यात दोरे दोन बाजूंना दोन बिंदूंकडे जातात. झाडीपट्टीच्या पडद्यावर दोरे एखाद्या बिंदूत नीट मिळाले, तर पेंटरने समोर चांगला नमुना ठेवून काम केले. फरशीचे एकीकडे आणि छताचे भलतीकडेच मिळाले, तर तो आठवणीवर रंगवत होता किंवा दोन वेगळे पडदे जोडत होता. दुसऱ्या प्रकारात चूक शोधत बसू नये; पेंटरच्या डोळ्यांसमोर काय काय होते याचा तो पुरावा आहे.

पेंटरचा स्वतःचा हात ओळखायचा तर त्याला जे रोज दिसत होते ते पाहावे. इटालियन महालाच्या खिडकीतून दिसणारे झाड जर मोहाचे किंवा पळसाचे निघाले, रस्त्याच्या दृश्यात कौलारू घर आणि ओसरी आली, जंगलात सागाची रुंद पाने दिसली, तर ते गावच्या पेंटरने घातलेले. जिथे त्याने न पाहिलेली वस्तू नकल केली आहे तिथे रेघ अडखळते: खांबाच्या माथ्यावरची नक्षी, परदेशी झुंबर, पुतळ्याचे हात. आणि शक्य असेल तर शेजारच्या दोन-चार गावांचे पडदे एकमेकांशेजारी ठेवून, निदान त्यांचे फोटो ठेवून पाहावेत. सगळ्यांत जे सारखे आहे ते बहुधा हरवलेल्या मूळ पडद्याचे. जे एकातच आहे ते त्या त्या पेंटरचे. कलेचे अभ्यासक युरोपात हेच करतात. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचे पत्ते खेळणाऱ्या ठकांचे चित्र 1890 च्या दशकात नाहीसे झाले होते, तेव्हा पन्नासहून अधिक नकलांतूनच ते ओळखले जाई. 1987 मध्ये झुरिकला मूळ सापडले. आज ते अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे.

रंगावरून काळाचा अंदाजही येतो, पण जपून. कृत्रिम नीळ 1828 नंतरची, टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. हे तपासायला प्रयोगशाळा लागते. लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेतली ‘कुंटीण’ ही डच चित्रकार बाबुरेनच्या चित्राची नकल कुणाच्या हातची यावर बराच वाद होता. रंगात विसाव्या शतकातले बॅकेलाइटसारखे राळद्रव्य सापडल्यावर ती बनावट चित्रांसाठी कुप्रसिद्ध झालेल्या फान मेखेरेनची ठरली. गावच्या पडद्याबाबत एवढ्यात शिरायची गरज नाही. पेंटरच्या सहीखाली दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर पडदा नवा आहे, एवढे कुणालाही कळते.

सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळ्यांत लवकर हातची जाणारी गोष्ट म्हणजे माणसांची आठवण. पडदा कुणी रंगवला, कुठला पाहून रंगवला, कापड कुठून आणले, त्या वर्षी कोणते नाटक लागले, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ बसून, फोनवर रेकॉर्ड करून, नंतर वहीत लिहून घ्यावे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले. ज्या पडद्यांपुढे हे नट उभे राहिले ते रंगवणाऱ्यांची नावे मात्र हँडबिलावरही नसत. ती गोळा करण्याचे काम दुसरे कुणी येऊन करणार नाही.

आता जपणूक. जुने पडदे बहुधा मांजरपाटावर सरसातल्या रंगांनी केलेले असतात: खडू, गेरू, पिवडी, हिरमुंजी, काजळी, नीळ, आणि त्यांना धरून ठेवायला सरस. असा रंग पाण्यात विरघळतो. तो ओळखायचा तर खालच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, किंचित ओला कापूस टेकवावा. कापसाला रंग लागला की तो सरसाचा. मग त्या पडद्याला पाणी, ओले फडके, साबण, स्प्रे यांपैकी काहीही लावायचे नाही. धूळ काढायची ती मऊ रुंद ब्रशने, वरून खाली, हलक्या हाताने. रंगाची पूड पडत असेल तर ब्रशही नको.

चमक यावी म्हणून वॉर्निश लावण्याचा मोह होतो. अजिंठ्यात ते झाले आहे. गिलने चित्रे नीट दिसावीत म्हणून वॉर्निश वापरले. पुढे 1920 च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे पक्की करण्यासाठी शेलॅक लावले. ते कालांतराने पिवळे पडले, काळवंडले, आणि पुढच्या पिढ्यांना ते काढण्यातच वर्षे घालवावी लागली. शेलॅक म्हणजे पळसावर-कुसुमावर येणाऱ्या लाखेचीच चपडी. ते या भागात सहज मिळते, म्हणून विशेष सांगायचे: फर्निचरसाठी ते उत्तम आहे, सरसाच्या रंगावर ते लावू नये. त्याच कारणाने फिके पडलेले रंग ‘ताजे’ करणेही टाळावे. महालाच्या खांबाला एकदा ऑइलपेंट लागला की त्याखालचे जुने काम परत मिळत नाही.

घडी घालू नये. घडीच्या रेघेवर रंग तुटतो आणि दरवर्षी त्याच रेघेवर तुटत जातो. पडदा गुंडाळावा, तोही पातळ बांबूवर नाही. ड्रेनेजच्या कामाचा सहा इंची किंवा त्याहून मोठा पाइप घ्यावा, त्याला धुतलेले पांढरे सुती कापड दोन-तीन वेढे गुंडाळावे आणि मग त्यावर पडदा, रंगाची बाजू बाहेर ठेवून. हे ऐकणाऱ्याला उलटे वाटते, पण रंग आत राहिला तर तो चेपतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. वेढ्यांमध्ये धुतलेले मलमल चालेल. वर्तमानपत्र चालणार नाही, त्याची शाई आणि आम्ल कापडात उतरते. वरून प्लास्टिक नको, त्यात ओल कोंडते. सुती खोळ शिवावी. बांधायला सुतळी नको, रुंद सुती पट्टी घ्यावी.

पडद्याच्या खालच्या कडेला जो बांबू शिवलेला असतो तो मात्र काढून वेगळा ठेवावा. झाडीत बांबूला भुंगा लागायला वेळ लागत नाही, आणि बांबूतला भुंगा कापडाकडे वळतो. खिळे, लोखंडी कड्या असतील तर त्याही काढाव्यात. गंजाचा डाग कापड कुरतडतो. सरसाला झुरळे आणि चंदेरी किडे येतात, कापडाला उंदीर, आणि जमिनीवर टेकलेल्या कोणत्याही गोष्टीला वाळवी. म्हणून पाइपच्या दोन्ही टोकांतून दांडा घालून तो जमिनीपासून कमरेइतका उंच, भिंतीपासून हातभर दूर टांगून ठेवावा. पत्र्याच्या छपराखाली नको. एप्रिल-मेमध्ये तिथे तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जाते आणि सरस वाळून ठिसूळ होतो. कडुनिंबाचा पाला चालतो, पण पुरचुंडीत बांधून, पडद्याला न लागता, आणि वाळला की बदलून. वाळका पालाच किड्यांना आसरा होतो. डांबरगोळ्या थेट कापडावर टाकू नयेत.

पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, खोळ काढून पाहावे. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, पाइपच्या तोंडाशी भुसा पडला आहे का, कुबट वास येतो का. पांढरी बुरशी दिसली तर पडदा बाकीच्या सामानापासून वेगळा करावा, सावलीत पंख्याखाली वाळवावा, आणि तोंडाला मास्क लावून उघड्यावर हलक्या ब्रशने झाडावा. उन्हात टाकू नये.

आणि नाटक? पडदा जपायचा म्हणजे तो लावायचाच नाही का? याचे चांगले उत्तर स्वीडनने दिले आहे. स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोमचे दरबारी नाट्यगृह 1766 चे. राजा गुस्ताव तिसरा याच्या 1792 मधल्या खुनानंतर ते हळूहळू पडून राहिले आणि 1921 मध्ये पुन्हा उजेडात आले, तेव्हा आतली यंत्रणा आणि रंगवलेले पडदे तसेच होते. आज तिथे पुन्हा ऑपेरा होतात, पण रंगमंचावर लावले जातात ते जुन्या पडद्यांवरून नव्याने रंगवलेले पडदे. मूळ पडद्यांना विश्रांती दिली आहे. झाडीपट्टीतल्या मंडळांनी हाच मार्ग घ्यावा. फ्लेक्स स्वस्त पडतो हे खरे, पण फ्लेक्सवर दिवा चमकतो, नटाच्या मागे चकाकी येते, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे पडदा रंगवणारा हात त्या गावातून नाहीसा होतो. नवा पडदा रंगवून घेण्याचा खर्च मंडळाने एकदा काढून तरी पाहावा.

नवी प्रत करताना ग्रिफिथ्सच्या चमूची एक सवय उचलावी: भिंतीवर जिथे चित्र नव्हते तिथे त्यांच्या प्रतीतही ते नव्हते, पडझड पडझडीसारखीच उतरवली. मंडळाला रंगमंचासाठी अख्खा महाल हवा, भोके असलेला नको, हे बरोबरच. म्हणून दोन कामे वेगळी करावीत. आधी कागदावर, चौकोन आखून, जुना पडदा जसा आहे तसा, डाग-ठिगळांसह लहान आकारात उतरवावा. मग त्या कागदावरून नवा पडदा, आणि त्यात जे भरले ते कुठे भरले याची खूण त्या कागदावर लाल रेघेने करावी. रंगांबाबत एक सावधगिरी: जुने पडदे गॅसच्या, किटसनच्या बत्त्यांसाठी रंगवले जात. त्यांतले निळे आणि लाल दिवसा भडक वाटतात, पण बत्तीच्या पिवळ्या उजेडात ते बसत. आजच्या एलईडी दिव्यांसाठी नव्या पडद्याचे रंग थोडे खाली आणावेत, आणि तसे केल्याचे लिहून ठेवावे. नवा पेंटर शिकाऊ असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीतले कलाशिक्षक किंवा नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातले विद्यार्थी चौकोन आखण्यापासून त्याला मदत करू शकतात.

जुना पेंटर हयात असेल किंवा त्याला जाऊन साठ वर्षे झाली नसतील, तर त्याच्या चित्रावर त्याचा किंवा वारसांचा हक्क असतो. नकल करण्याआधी घरी जाऊन परवानगी घ्यावी, ती लेखी घ्यावी, आणि नव्या पडद्याच्या कोपऱ्यात दोन्ही नावे घालावीत: मूळ अमुक, प्रत अमुक, साल अमुक. मागच्या बाजूला सुती कापडाची पट्टी शिवून तिच्यावर पेन्सिलने मंडळाचे नाव, माप, कोणत्या गावच्या पडद्यावरून केला आणि कधी, हे लिहावे. बॉलपेनची शाई पसरते.

पडद्याचा रंग सोलून निघत असेल, कापड फाटत असेल, तर गावात फेविकॉल लावून चिकटवू नये. फेविकॉल नंतर सुटत नाही. संग्रहालयाचे लोक गाठावेत. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा अजब बंगला, जवळचे ठिकाण आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रे दुरुस्त करणारा विभाग आहे, आणि सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. त्यांना पाठवायला आधी काढलेले फोटो आणि मापेच लागतात. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने दहा-वीस गावांच्या पडद्यांची नोंद केली, तर तेवढाच एक चांगला प्रबंध होईल.

जुन्या वस्तू विकत घेणारे आता खेड्यांतही फिरतात. पडदा शंभर वर्षांहून जुना असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली तो पुरावस्तूत मोडू शकतो. मग तो कुणा खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. मंडळाच्या नावावरचा पडदा एखाद्या पदाधिकाऱ्याने परस्पर देऊ नये म्हणून मंडळाच्या वहीत फोटोसह त्याची नोंद करावी आणि वार्षिक सभेत ती वाचून मंजूर करून घ्यावी. पुढच्या दिवाळीला पडदा उघडताना ही वही आणि ते फोटो घेऊन बसावे, आणि आठ महिन्यांत काय बदलले ते त्याच पानावर लिहावे.